खाजकुइली आणि अप्पांचं न झालेलं लग्न

आमच्या दुकानात सगळ्यात हळू आवाजात मागितली जाणारी वस्तू म्हणजे कौचा. हिरडा लोक ओरडून मागतात. सोनामुखी मागताना पोटावर हात ठेवून सकाळपासूनची सगळी हकिगत ऐकवतात. मूळव्याधीचं चूर्णसुद्धा चारचौघांत मागणारे महाभाग आहेत. पण कौचा घ्यायचा म्हटलं की आमच्या सुरतेच्या उधन्यातला कितीही आडदांड गडी आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो, मग काउंटरवर वाकून असं काही पुटपुटतो की मला ‘पोचा’ ऐकू यावं.

“पोचा समोरच्या दुकानात. झाडूच्या शेजारी टांगलेला असतो,” मी सांगते.

“पोचा नाही हो बेन...” आणि बिचाऱ्याला तो शब्द पुन्हा, जरा मोठ्याने उच्चारावा लागतो. मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलेलं असतं, हे आता इतक्या वर्षांनी सांगून टाकायला हरकत नाही.

मी काष्ठौषधींच्या दुकानात काम करते. सुरतेत त्याला देशी दवाचं दुकान म्हणतात. मुळ्या, साली, बिया, डिंक, फुलं, सगळं पोत्यांत आणि बरण्यांत. आम्ही वैद्य नव्हे. वैद्याने सांगितलेली वस्तू खरी, स्वच्छ आणि न किडलेली देणं एवढंच आमचं काम. पण लोकांना ते पटत नाही. काउंटरच्या पलीकडे जो उभा आहे त्याला सगळं कळतं असं धरूनच ते बोलायला लागतात. माझं माहेर-सासर दोन्ही साक्री तालुक्यातलं. मिस्टर लूमवर होते, ते गेले आणि मी या दुकानाच्या मागच्या खोलीत निवडण-टिपणाला लागले. शतावरीतले खडे काढता काढता पुढे काउंटरवर कधी आले ते सांगत बसले तर कौचा राहून जाईल.

तर कौचा म्हणजे आपल्याकडची खाजकुइली. डांगच्या जंगलात पावसाळ्यात हिचे वेल झाडाझुडपांवर चढतात, जांभळी फुलं येतात आणि दिवाळीनंतर शेंगा वाळायला लागतात. शेंग दिसायला अशी देखणी की काय सांगू. सोनेरी, मखमली, मांजराच्या पिल्लाला गोंजारावंसं वाटतं तसं हिलाही वाटतं. आणि गोंजारलं की संपलं. त्या मखमलीचा एकेक केस कातडीत घुसतो आणि माणूस जागच्या जागी नाचायला लागतो. संस्कृतात हिला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडालासुद्धा खाज आणणारी. पण मला तिचं दुसरं नाव आवडतं: आत्मगुप्ता. स्वतःची राखण स्वतः करणारी. तिला कुंपण लागत नाही, कुत्रा लागत नाही.

औषध असतं ते शेंगेच्या आतल्या बीत. बी दुधात शिजवायचं, वरचं टरफल सोलायचं, आतला कोंब काढून टाकायचा, मग वाळवून दळायचं. पौष्टिक, ताकद देणारं, वाताला शमवणारं असं तिचं वर्णन वैद्य करतात. हिवाळ्यात गुजराती घरांत जे पाक, म्हणजे सुकामेव्याच्या वड्या, होतात त्यांतही ती पडते, अगदी आजीपासून नातवापर्यंत सगळे खातात. पण पुरुषांच्या डोक्यात तिचा एकच उपयोग पक्का बसलेला आहे. तो काय, हे दिवाळी अंकात छापायची गरज नाही. वाचक सुज्ञ आहेत, आणि नसतील तर गिऱ्हाईक होतील.

आधी काउंटरवर आमचे शेठ, कांतिकाका, स्वतः बसायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ते आत गादीवर सरकले आणि पुढे मला उभं केलं. त्या हिवाळ्यात गंमत झाली. पुरुष यायचे, मला बघायचे, घसा साफ करायचे आणि “सुंठ द्या” म्हणून सुंठ घेऊन जायचे. कौच्याची बरणी भरलेली ती भरलेलीच, आणि सुंठीची पोती मात्र रिकामी. कांतिकाका अतिशय सज्जन आणि लाजाळू माणूस. एकदा मला हळूच म्हणाले, “सुमनबेन, आ वर्षे शरदी बहु छे?”

“काका, सर्दी नाही ही. लाज आहे,” मी म्हटलं.

काका लाल झाले आणि जपमाळ शोधू लागले.

मग मीच एक रीत पाडली. कोणी सुंठ मागून रेंगाळला की मी सरळ विचारायची, “आणखी काही? मित्रासाठी वगैरे?” माणसाचा जीव भांड्यात पडायचा. “हो, मित्रासाठीच. कौचा.” मग माझे प्रश्न सुरू. मित्राचं वय काय? मित्राला बीपी आहे का? शुगर? मित्र कुठल्या गोळ्या घेतो? मित्राने वैद्याला विचारलंय का? हे प्रश्न चेष्टेचे नव्हेत, ही वस्तू सगळ्यांना चालत नाही. ज्याच्या मित्राने कोणालाच विचारलेलं नसेल त्याला मी तसाच परत पाठवायची. पण उत्तरं ऐकण्यासारखी असत. एकाला मी विचारलं, “मित्राला घाम फार येतो का?” तो कपाळ पुसत म्हणाला, “आत्ताच सुटलाय.”

बायकांचं बरं असतं. त्या मित्राच्या भानगडीत पडत नाहीत. एक बाई कडेवर पोर घेऊन आली आणि सगळ्या दुकानासमोर म्हणाली, “आमच्या ह्यांना वैद्यांनी कौचा सांगितलाय. द्या, पण बेताचा द्या. मला पहाटे उठून डबे करायचे असतात.” आत कांतिकाकांची जपमाळ खाली पडल्याचा आवाज आला.

पुंडलिक अप्पा आले ते एका पावसाळी सकाळी. त्यांनी डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. पांढरा सदरा, वर गांधी टोपी, उंच बांधा. साठी उलटलेली. आपल्या खानदेशातला माणूस चालण्यावरून ओळखू येतो. काउंटरशी येऊन सरळ म्हणाले, “ताई, भेस्तानच्या वैद्यबाईंनी धाडलंय. कौच्याचं चूर्ण.”

मी सवयीने विचारलं, “मित्रासाठी?”

त्यांनी उजवा हात उचलून काउंटरवर ठेवला आणि सैल सोडला. तो हात कापायला लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, जशी काही ते अदृश्य गोळी वळत होते.

“मना हात मनं ऐकस नही, ताई,” अप्पा म्हणाले.

मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. मी त्यांना स्टूल दिलं.

अप्पांचं काम बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, पसारण्याचं. लूमवर कापड विणायच्या आधी ताण्याचा एकेक धागा तारांच्या बारीक डोळ्यांतून आणि फणीच्या फटींतून ओवावा लागतो. असे हजारो धागे. एक चुकला की कापडात शेवटपर्यंत रेघ दिसते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, आणि त्यांनी पसारलेला बीम कारखान्यातला कोणीही पुन्हा तपासत नसे. वैद्यबाईंनी नाडी बघून कंपवात सांगितला होता. म्हणजे हाता-पायांवरचा ताबा हळूहळू सुटायला लागतो तो आजार. कौचा त्यासाठीही वैद्य देत आलेत, फार जुन्या काळापासून. पण बाईंनी दुसरीही गोष्ट बजावून सांगितली होती: आधी मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, मग माझं औषध. अप्पांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं होतं.

“काम कसं करता?” मी विचारलं.

“काम करताना जरा ऐकतो. मोकळा सोडला की कापतो. आमचा शेठ याच्या उलटा. मोकळा असला की गप, काम दिसलं की थरथरतो.” बोलले आणि स्वतःच हसले. हसू चेहऱ्यावर जेमतेम उमटलं. “पण वेग गेला, ताई. घरी कोणाला माहीत नाही. कारखान्यात तर नाहीच. तुम्ही कोणाला बोलू नका.”

आमच्या धंद्यात हे सांगावं लागत नाही. कोण काय नेतो आणि कशासाठी नेतो, ते उंबऱ्याबाहेर जात नाही. मी तसं म्हटलं, आणि अप्पा चूर्ण घेऊन गेले. त्यानंतर ते नेमाने येऊ लागले.

आता ज्याने बातमी फोडली त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तोही गिऱ्हाईकच आहे. अप्पांच्याच गल्लीतला. तो मित्रासाठी न्यायला आला होता आणि अप्पा समोरून कौचा घेऊन निघाले. अप्पा विधुर. मुलगा, सून, नातवंडं असलेला माणूस. या गृहस्थाने गल्लीत जाऊन डोळे मोठे करून सांगितलं, “पुंडलिक अप्पा कौचा खातात!” तू तिथे काय करत होतास, हे त्याला एकानेही विचारलं नाही.

एकदा संशयाचा चष्मा चढला की मग काय, पुरावेच पुरावे. अप्पा हल्ली घरी दाढी करत नाहीत, सलूनमध्ये जाऊन गुळगुळीत करून येतात. बटणांचे सदरे सोडून गळ्यातून घालायचे झब्बे शिवलेत. चालणं बदललंय, हात न हलवता हळूहळू, नवरदेवासारखे चालतात. आवाज मऊ झालाय. कुठेतरी एकटक बघत बसतात. कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमले, रोटांचा नैवेद्य झाला, पण अप्पा पंगतीला बसले नाहीत, ताट आतल्या खोलीत मागवलं. माणूस प्रेमात पडला की असंच करतो, यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं. प्रेमाबद्दल त्यांना एवढी माहिती कुठून, देव जाणे.

राहता राहिला प्रश्न नवरीचा. अप्पा नेमाने जातात कुठे? देशी दवाच्या दुकानात. तिथे कोण असतं? सुमनबाई. ती कोण? विधवा. झालं, पत्रिका जुळली.

मला हे भाजीवालीने सांगितलं. भेंडी तोलता तोलता म्हणाली, “बेन, हवे बे माणसनी भाजी लेवी पडशे.” आता दोन माणसांची भाजी घ्यावी लागेल! मला आधी कळेना. कळलं तेव्हा मी तिथेच इतकी हसले की पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर घरंगळले. जो माणूस मला वाक्यागणिक ताई म्हणतो, त्याच्याशी माझं लग्न लावून लोक मोकळे!

अप्पा पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, संतापतील. ते शांतपणे ऐकत राहिले.

“माझ्याबद्दल बोलतात ते ठाऊक होतं,” ते म्हणाले. “लोके हासतस, हासू दे. रंगेल म्हातारा म्हटलं तर कोणी कामावरून काढत नाही, ताई. उलट चहा पाजतात. हात कापतो म्हटलं की कोणी हसत नाही, आणि काम जातं.” मग म्हणाले, “पण तुमचं नाव घेतात हे माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाल तर आज गल्लीत उभं राहून सगळं खरं सांगतो.”

मी विचार केला. या वयात कोणी माझ्या लग्नाची अफवा उठवतं, म्हणजे मी अजून बरी दिसत असले पाहिजे. “राहू द्या,” मी म्हटलं. “मला त्रास नाही. पण एक अट. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं.”

“दिवाळी होऊ द्या.”

दिवाळी झाली. अप्पा गेले नाहीत. “संक्रांत होऊ द्या,” म्हणाले. मी दरवेळी टोचायची, ते दरवेळी पुढचा सण दाखवायचे. आपल्या पंचांगात सणांना तोटा नाही.

हिवाळ्यात आमच्याकडे पाकाच्या मसाल्यांसाठी झुंबड असते. अशाच एका सकाळी डांगातून सोमाभाई आला. तो आम्हाला रानातला माल आणून देतो. नेहमी सोललेलं बी आणायचा, त्या दिवशी मात्र एक पोतं न सोललेल्या शेंगांचं घेऊन आला, एका वैद्यांना विद्यार्थ्यांना दाखवायला शेंगा हव्या होत्या म्हणून. पोतं त्याने काउंटरच्या कडेला टेकवलं, तोंड जरासं सैल होतं, आणि तो चहा प्यायला गेला. मी तोंड आवळायला सुतळी शोधत होते.

तेवढ्यात उज्ज्वला आली. अप्पांची सून. मी तिला ओळखत नव्हते, पण तिने ओळख करून द्यायला वेळ लावला नाही.

“तुम्हीच का सुमनबाई?” कमरेला पदर खोचलेला, बोटांना साडीवर खडे चिकटवायचा गोंद तसाच. हातातलं काम टाकून आली होती. “आमच्या म्हाताऱ्याला काय खाऊ घालता तुम्ही? लाज नाही वाटत? नातवंडं आहेत त्यांना!”

सुंठ मागायला आलेले तीन-चार जण भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे निरखून बघू लागले.

“उज्ज्वला, बस आधी,” मी म्हटलं.

“बसायला नाही आले! दाखवा मला ते कौचा का फौचा! आज सगळं गटारात टाकते!”

आणि तिची नजर त्या पोत्यावर गेली. सोनेरी मखमली शेंगा तोंडातून डोकावत होत्या. कोणीतरी आगाऊपणे म्हणालं, “हेच ते.” कांतिकाका गादीवरून उठत ओरडले, “ना बेन, ना! हाथ ना लगाडो!” पण तोवर उज्ज्वलाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला होता.

आत्मगुप्तेने आपलं नाव राखलं.

आधी उज्ज्वलाने नुसतं मनगट चोळलं. मग दंड. मग त्याच हाताने मान. मग “आई गं!” म्हणून अशी किंचाळली की समोरच्या हार्डवेअरवाल्याने शटर अर्धं ओढलं. देवाचे फोटो बघणारे सगळे एका क्षणात रस्त्यावर होते. कांतिकाका दुखऱ्या गुडघ्यांनिशी इतक्या वेगाने मागच्या खोलीत गेले की त्यांना औषधाची गरज आहे का, अशी मला शंका आली.

“चोळू नको! पाणी लावू नको!” मी तिचे दोन्ही हात धरले. चोळलं की केस आणखी आत जातात, पाण्याने ते पसरतात. ते कातडीवरून उपसून काढावे लागतात, आणि त्याला चिकट पीठ उत्तम. शेजारचा फरसाणवाला दारात उभा राहून मजा बघत होता. त्याला मी ओरडून सांगितलं, “गाठियाच्या पिठाचा गोळा आण! मोठा!”

तर असं दृश्य डोळ्यांसमोर आणा. मागच्या खोलीत पोत्यांच्या मधोमध उज्ज्वला स्टुलावर बसलेली, मी तिच्या हातावर, मानेवर बेसनाचा गोळा दाबून उचलते आहे, दाबून उचलते आहे, आणि ती आळीपाळीने रडते आणि भांडते आहे.

“तुम्ही... आई गं... तुम्ही माझ्या सासू म्हणून घरात येणार?”

“तुझ्यासारखी सून मिळणार असेल तर विचार करते. मान वळव.”

“हसू नका! लोक तोंडावर विचारतात. माझ्या माहेरपर्यंत गेलंय. हे तर वडिलांशी बोलतच नाहीत दिवाळीपासून.” तिचे डोळे भरून आले, आणि ते खाजेमुळे नव्हतं. “अप्पा असे नव्हते हो. मला मुलीसारखं वागवलं त्यांनी. आता माझ्यासमोर जेवतही नाहीत. मी काय केलंय?”

माझा हात थांबला. मी अप्पांना शब्द दिला होता. तो मोडायचा नव्हता. पण ही मुलगी रडत होती, आणि तिकडे बाप-लेक एका घरात मुक्याने राहत होते. मी पिठाचा गोळा उलटा केला आणि विचारलं, “उज्ज्वला, अप्पांनी तुझ्यासमोर चहा कधी प्यायला होता?”

“म्हणजे?”

“आठव ना.”

ती आठवू लागली. “चहा... चहा ते दारात बसून पितात. पाठ करून. नाहीतर ‘ठेव, गार होऊ दे’ म्हणतात. मी कप उचलायला जाते तेव्हा रिकामा असतो.” मग आणखी आठवलं. “एकदा बशी फुटली होती. मांजरावर घातलं त्यांनी. आमच्याकडे मांजर येतच नाही.”

मी मानेवरचं पीठ उचलत राहिले.

“पण तो बटणांचा सदरा त्यांना इतका आवडायचा,” ती आता स्वतःशीच बोलत होती. “आणि दाढी... एकदा गाल कापला होता. मग सलून. जेवताना वरण...” तिचा सुजलेला, लाल झालेला हात माझ्या मांडीवर होता आणि ती खाजवायचं पार विसरली होती.

“मावशी, अप्पांच्या हाताला काय झालंय?”

“ते त्यांना विचार,” मी म्हटलं. “मी सांगायचं नाही.”

तिने डोळे पुसायला हात उचलला. मी वेळेवर धरला, नाहीतर डोळ्यांचंही तेच झालं असतं. तूप लावून, चादर लपेटून मी तिला रिक्षात बसवलं. बाहेर जमलेल्यांना वाटलं, सासू-सुनांची पहिली मारामारी झाली, सासू जिंकली.

त्या दुपारी काय झालं ते मला उज्ज्वलाने नंतर सांगितलं. तिने अप्पांना काही विचारलं नाही. चहा केला, कप न घेता उंच स्टीलच्या पेल्यात अर्धाच ओतला, त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतःही समोर बसली. उठलीच नाही. अप्पांनी पेल्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी पेला उचलला आणि तिच्यादेखत प्यायले. पेला दातांवर वाजत होता. नवरा कामावरून आला तेव्हा तिने त्याला दारातच सगळं सांगितलं. तो आत गेला आणि बापाचा हात धरून नुसता बसून राहिला.

त्याच आठवड्यात दोघं त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. उज्ज्वलाने कौच्याचा पुडा त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, “या बीमध्ये निसर्गतःच जे आहे, तेच या गोळ्यांत आहे. दोन्ही एकदम मनाने घ्यायचं नाही, जास्त होईल.” वैद्यबाईंनीही तेच सांगितलं आणि चूर्ण थांबवलं. गोळ्यांनी हाताला बराच आराम पडला. बरा नाही झाला, हा आजार तसा बरा होत नाही. इतके महिने नुसत्या चूर्णावर काढायला नको होते, असं डॉक्टर बोलले, तेव्हा अप्पांनी मान खाली घातली म्हणे.

कारखान्यात त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. बीम पसारणं सुटलं. शेठने काढलं नाही, तयार कापडाचे ताके तपासायला बसवलं. मी म्हटलं, “चांगलं झालं की.” अप्पा म्हणाले, “चांगलं आहे. पण दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, त्यात काय मजा?” त्यांची बोटं काउंटरवर हलकेच फिरत होती. ती कापत नव्हती, धागा चाचपत होती.

हे ते म्हणाले त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. बातमी फोडणारे ते गृहस्थही मागे, सुंठीच्या रांगेत. अप्पा एकाएकी वळले आणि कारखान्यातल्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या माणसाने बोलावं तसं, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, “ऐका! माझा कौचा बंद झाला. लग्नासाठी नव्हता. हातासाठी होता.” त्यांनी हात वर केला आणि सैल सोडला. तो जेवढा कापायचा तेवढा सगळ्यांसमोर कापू दिला.

कोणी हसलं नाही. कोणाला कुठे बघावं कळेना. मग मागून त्या गृहस्थांचा बारीक आवाज आला, “बेन... मलाही हातासाठीच पाहिजे होता.”

सगळं दुकान फुटलं. अप्पाही हसले, आणि या वेळी हसू चेहऱ्यावर नीट पोचलं.

तेव्हापासून उधन्यातला मित्र मेला. आता कोणीही मित्रासाठी कौचा मागत नाही, सगळे हातासाठी मागतात. पंचवीस-तीस वर्षांचे धट्टेकट्टे गडी काउंटरशी येतात, डोळा मिचकावतात, हात पुढे करून मुद्दाम थरथरवतात आणि म्हणतात, “बेन, हात कापतो.” मी म्हणते, “खांद्यापासून हलवू नकोस, नाटकी वाटतं. मनगटातून हलव.” कांतिकाका आतून दबक्या आवाजात म्हणतात, “सुमनबेन, धीमे बोलो.”

परवाच एक रिक्षावाला आला. चाळिशी उलटलेला, जळगावकडचा, बोलका. त्याने उजवा हात पुढे करून असा काही थरथरवला की बाजूचे दोघं टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. मीही हसत बरणी खाली घेतली. आणि माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. तो काउंटरवर सैल पडला होता, त्याच्याकडे मालकाचं लक्ष नव्हतं, आणि त्याचा अंगठा बोटावर हळूहळू घासत होता.

“तो हात राहू दे, भाऊ,” मी म्हटलं. “हा दाखव.”

“हा?” तो अजून हसत होता. “हा तर हल्ली असाच हलतो बेन. त्याचं काय?”

मी बरणी परत फळीवर ठेवली आणि त्याला बसायला स्टूल दिलं.